पहिले बहात्तर तास



एड्स आणि स्त्रियांवरील अत्याचार हे दोन विषय एकाच भाषणात कशाला, असे कुणाला वाटेल. आपल्या भागात ते वेगळे काढता येत नाहीत, म्हणून.

26 मार्च 1972 ची रात्र. देसाईगंज, म्हणजे आपले वडसा. गडचिरोली जिल्हा 1982 साली झाला, तेव्हा हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात होते. मजुरी करणाऱ्या एका अनाथ आदिवासी मुलीने पोलीस ठाण्यातच आपल्यावर अत्याचार झाल्याचे सांगितले. दोन शिपाई आरोपी होते. 1974 मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, 1976 मध्ये नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा संमती असावी, असा अर्थ काढला गेला. ठाण्याचे दार आतून बंद झाल्यावर चौदा-सोळा वर्षांच्या पोरीने किती झटापट करायची? हाच प्रश्न उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर यांनी 1979 मध्ये खुल्या पत्रातून विचारला. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पीडितेचे नाव छापण्यास बंदी आली तीही तेव्हाच. म्हणून पुस्तकांत असले तरी ते नाव मी घेत नाही.

कायदा बदलला, पण शरीराच्या दुखण्याबद्दलचे मौन तसेच राहिले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पण त्याआधी तपासणी झाली होती फक्त 8 टक्के जणींची. अंगावरचे पांढरे जाणे, जखम, जंतुसंसर्ग बाई सोसत राहते. गुप्तरोगाची जखम असली की एचआयव्हीला शरीरात शिरणे सोपे जाते.

आता मुद्द्याचे बोलते. अत्याचारानंतर एचआयव्ही टाळण्याची औषधे आहेत. ती शक्य तितक्या लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. पुढे त्यांचा उपयोग नाही. आणि आपल्याकडे काय होते? आधी बैठक बसते, मग समजूत घातली जाते, मग दंड ठरतो. मुलीचे लग्न मोडेल ही काळजी सर्वांना. तिच्या रक्ताची काळजी कुणालाच नसते! त्यात सिरोंचाहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर, आणि पावसाळ्यात नाले भरलेले.

लक्षात ठेवा, आधी तक्रार आणि मग उपचार, असा नियम नाही. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर ताबडतोब आणि मोफत उपचार केले पाहिजेत. पोलिसांना कळवणे हे रुग्णालयाचे काम. 2013 पासून हा कायदा आहे, नव्या संहितेतही तो कायम आहे.

दुसरी गोष्ट घरातली. नवऱ्याकडून लागण झालेल्या सुनेलाच पांढऱ्या पायाची म्हणून बाहेर काढणारी घरे आहेत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला त्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. 2017 च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. औषधे शासकीय केंद्रात 2004 पासून मोफत मिळतात.

माझी मंडळाला विनंती आहे. प्रत्येक गावातून दोन बायका निवडा, ज्या मध्यरात्रीही पीडितेसोबत दवाखान्यात जातील. गाडीच्या भाड्यासाठी वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला ठेवा. विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यात ही 72 तासांची औषधे कुठे मिळतात, रात्री कोण देतो, हे स्वतः जाऊन विचारून यावे आणि 1097 व 181 या क्रमांकांसह विहाराच्या फळ्यावर लिहावे. हे काम पुढच्या पौर्णिमेच्या आत व्हावे.

जय भीम.