प्लंबर फिनी आणि वीस पौंडांची भिंत

इंग्लंडमधील प्रेस्टन येथे १९२२ साली जन्मलेले टॉम फिनी हे पेशाने प्लंबर होते. इंग्लिश लीगमधील त्यांची सारी कारकीर्द प्रेस्टन नॉर्थ एंड या एकाच क्लबकडे गेली. या विंगरने इंग्लंडसाठी ७६ सामन्यांत ३० गोल केले. पण गर्दी कितीही लोटो, खेळाडूच्या वेतनाला कायम कमाल मर्यादा! १९५२ साली इटलीतील पालेर्मो क्लबने १०,००० पौंड देऊ केले. प्रेस्टनच्या चालकांनी त्यांना सोडण्यास नकार दिला. १९६० साली फिनी निवृत्त झाले. १९६१ साली खेळाडूंच्या संघटनेने संपाचा इशारा देताच आठवड्याला २० पौंडांची ती मर्यादा रद्द झाली. असामान्य कौशल्याला टाळ्या मिळाल्या. न्याय्य मोबदल्याची वाट मात्र संघटनेनेच मोकळी केली.