मित्राच्या दाराला कान

24 ऑक्टोबर 2013. जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल ब्रुसेल्सच्या शिखर परिषदेला पोहोचल्या. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने त्यांचा मोबाइल ऐकल्याची बातमी तेव्हा युरोपभर गाजत होती. मित्रांमध्ये हेरगिरी अजिबात चालणार नाही, असे त्यांनी पत्रकारांना बजावले. आदल्याच दिवशी त्यांनी बराक ओबामांना फोनवर जाब विचारला होता. व्हाइट हाउसचा खुलासा मोजूनमापून आला: अमेरिका त्यांचे बोलणे ऐकत नाही आणि ऐकणार नाही. याआधी ऐकले का, यावर अवाक्षर नाही!

मर्केल यांचा संताप खरा होता. पण दीड वर्षाने, 2015 मध्ये, त्यांच्याच बीएनडी या गुप्तचर संस्थेचे प्रकरण बाहेर आले. बव्हेरियातल्या बाड आयब्लिंग केंद्रातून बीएनडीने एनएसएसाठी युरोपातल्याच मित्रांवर पाळत ठेवली होती.

श्रोतेहो, ही सवय जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या झुग परगण्यातली क्रिप्टो एजी ही कंपनी सरकारांना संदेश गुप्त ठेवण्याची यंत्रे विकत असे. गिऱ्हाईक येई ते स्विस तटस्थतेवर विसंबून. 1970 मध्ये सीआयए आणि बीएनडी यांनी ती कंपनी गुपचूप विकत घेतली. यंत्रांतल्या सांकेतिक रचनेत अशी फट ठेवलेली असे, की या दोघांना संदेश सहज उलगडता यावेत. शंभराहून अधिक देशांनी ही यंत्रे घेतली. त्यांत इराण होता, भारत आणि पाकिस्तान होते, आणि ‘नाटो’तले इटली, स्पेन, ग्रीस, तुर्कस्तानही होते. आपले संदेश वाचले जावेत म्हणून हे देश स्वतःच पैसे मोजत होते.

यात भरडली गेली साधी माणसे. कंपनीचा एक विक्रेता 1992 मध्ये तेहरानमध्ये पकडला गेला आणि नऊ महिने कैदेत राहिला. मालक कोण आहेत, हे त्याला ठाऊकच नव्हते. जर्मनांनी 1993 मध्ये अंग काढून घेतले. सीआयएचा कारभार 2018 पर्यंत चालला. फेब्रुवारी 2020 मध्ये पत्रकारांनी हे सारे उघडकीला आणले.

मैत्रीच्या आणाभाकांनी हे थांबत नाही. थोडा लगाम बसला तो कायद्याने. परदेशी पत्रकारांच्या तक्रारीवरून जर्मनीच्या घटना न्यायालयाने 19 मे 2020 रोजी निकाल दिला: परदेशातल्या परकीय माणसाचे संभाषण ऐकतानाही बीएनडीला जर्मन राज्यघटनेतले मूलभूत हक्क पाळावेच लागतील. त्यानंतर कायदा बदलला आणि स्वतंत्र नियंत्रण मंडळ आले.

आपल्याकडे ‘रॉ’ आणि ‘आयबी’ या दोन्ही गुप्तचर संस्था संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या नाहीत, आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारी संसदीय समितीही नाही. तुमचा खासदार मते मागायला दारी येईल तेव्हा त्याला याबद्दल जरूर विचारा.