दर्जा भरणाऱ्या बाया आणि नवं यंत्र

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहीजणींना हसू आलं असेल. हुंडा, मारहाण, पोटगी, दारू हे आपले नेहमीचे विषय. त्यात फरशीच्या फटी भरायची यंत्रं कुठून आली? पण आपल्या गटांतल्या किती बाया बांधकामावर जातात याची एकदा मोजदाद करा. बडनेऱ्याच्या, अकोल्याच्या वस्त्यांमधून जातात. मेळघाटातून कोरकू बाया आपल्या माणसांबरोबर येतात, धारणी-चिखलदऱ्याकडची शेती संपली की इकडे बांधकामावर राहतात. या बायांच्या हातातलं एक काम आज हळूहळू यंत्राकडे चाललं आहे, आणि ते यंत्र कोणाच्या हातात जाणार हे अजून ठरायचं आहे. ठरून गेल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा ठरण्याआधी बोलावं, म्हणून हा विषय घेतला.

आधी काम काय आहे ते समजून घेऊ. आपल्याकडे जुन्या घरांत शहाबादी फरशी असायची, ओट्याला कडप्पा, पुढे कोटा आणि मोझॅक आलं. दोन फरश्यांच्या मधली फट म्हणजे दरज. ती सिमेंटने भरण्याला मिस्त्री लोक ‘दर्जा भरणं’ म्हणतात. शब्द मोठा गमतीचा आहे. सबंध घराचा दर्जा बाई भरते आणि तिचा स्वतःचा दर्जा मात्र हजेरीच्या वहीत ‘रेजा’ एवढाच राहतो. ‘मिस्त्री’ हा एक दर, ‘रेजा’ हा दुसरा, आणि पुरुष ‘बिगारी’ या दोघांच्या मधला. कामाला आलेली बाई पंधरा वर्षं दर्जा भरत असली तरी ती रेजाच. तिच्याबरोबर काल आलेला पोरगा दोन वर्षांत थापी धरतो आणि मिस्त्री होतो.

आता मोरबीच्या टाइल्सचा जमाना आहे. चिनी मातीच्या, व्हिट्रिफाइड, भल्या मोठ्या. त्यांच्या मध्ये प्लॅस्टिकचे छोटे स्पेसर ठेवून दोन-तीन मिलिमीटरची फट सोडतात आणि ती ‘ग्राउट’ने भरतात. पूर्वी नुसतं पांढरं सिमेंट कालवून भरत, आता रंग मिसळलेलं तयार ग्राउट पिशवीतून येतं. टाइल बसवायची ती मिस्त्रीने. दुसऱ्या दिवशी तो पुढच्या खोलीत जातो आणि मागच्या खोलीत फटी साफ करणं, ग्राउट कालवणं, भरणं, पुसणं, पाणी मारणं हे सगळं बाईकडे येतं.

या कामाला ‘पुसापुशी’ म्हणतात. मी म्हणते, एकदा करून पाहा. ग्राउटमध्ये पाणी जास्त झालं तर वाळल्यावर ते आक्रसतं, भेगा पडतात, रंग फिका-गडद होतो. कमी झालं तर फटीच्या तळापर्यंत जातच नाही, वरवर बसतं आणि सहा महिन्यांत निघून येतं. भरताना रबराची पट्टी फटीला आडवी-तिरपी चालवावी लागते, फटीच्या दिशेने चालवली की भरलेलं पुन्हा ओढून निघतं. पुसायची वेळ तर फार नाजूक. लवकर पुसलं तर फटीतला माल स्पंजबरोबर बाहेर येतो, उशीर झाला तर टाइलवर पांढरी साय धरते आणि ती घासून घासून हात जातात. स्पंज किती पिळायचा याचाही अंदाज लागतो. आणि आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. त्या दिवसांत कालवलेलं ग्राउट बघता बघता घट्ट होतं. म्हणून जाणत्या बाया सकाळी लवकर भरतात, थोडं थोडं कालवतात, आधी टाइलच्या कडा ओल्या करून घेतात, भरल्यावर पाण्याचा हलका हबका मारत राहतात. हे कोणत्या पुस्तकात वाचून त्या शिकल्या नाहीत. याला कौशल्य म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

पण कागदावर हे काम दिसतच नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत फरशी बसवण्याची बाब वाचा. खालचा थर, फरशी बसवणं, सांधे भरणं, पाणी मारणं, साफसफाई, सगळं धरून ‘पूर्ण काम’, असा चौरस मीटरचा एक दर. खाजगी ठेकेदारही तसंच धरतो. फुटाचा दर मिस्त्रीशी ठरतो, आणि त्यातून रेजाला रोज किती द्यायचा हे मिस्त्री ठरवतो. नवरा-बायको जोडीने आले तर पैसे नवऱ्याच्या हातात. स्वयंपाकघरातल्या कामाचं जे होतं तेच इथेही झालं आहे. काम सगळ्यांना हवं, पण त्याची वेगळी नोंद नको.

आता यंत्राकडे येऊ. पहिलं म्हणजे कालवायचं यंत्र. जाडजूड ड्रिलला लांब दांडी, तिच्या टोकाला पंखा. हे हळू फिरावं लागतं. भरभर फिरवलं की मालात हवेचे बुडबुडे धरतात आणि सांधा कच्चा होतो. दुसरं म्हणजे भरायची पिचकारी किंवा गन. मेंदीचा कोन तुम्ही सगळ्यांनी धरला आहे, तीच कल्पना. नळीत माल भरायचा, टोक फटीवर ठेवायचं आणि बॅटरीवर किंवा ड्रिलवर चालणारा मळसूत्री दांडा माल पुढे ढकलतो. टाइलवर सांडत नाही, त्यामुळे पुसायचं कामही कमी होतं. तिसरी मोठी यंत्रं, मॉल किंवा दवाखान्यासारख्या मोठ्या जमिनींवर चालणारी. गोल फिरणारं रबर ग्राउट फटीत दाबतं, फिरणारा स्पंज मागून पुसत जातो. शिवाय जुना सांधा खरवडून काढायला थरथरणाऱ्या पात्याचं हातयंत्र असतं.

मी यंत्राच्या विरोधात नाही. उकिडवं बसून दिवसभर जमीन सरकत जाणाऱ्या बाईचे गुडघे आणि कंबर ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी ‘यंत्र नको’ म्हणू नये. माझं भांडण निराळं आहे. इतकी वर्षं हाताने दर्जा भरणारी बाई होती, आणि पिचकारी आली की ‘हे मिस्त्रीचं काम’ होतं. काम तेच, फक्त त्याला वायर लागली. बाईकडे मग बादली आणि फडकं तेवढं उरतं, किंवा तेही उरत नाही.

असं होईलच का, असं कोणी विचारेल. आपल्या कापसाकडे बघा. अकोला-अमरावतीच्या जिनांमध्ये बाया टोपल्यांनी कापूस वाहायच्या आणि ओळीने उभ्या राहून रेच्यांना हाताने घालायच्या. २००० साली केंद्र सरकारचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं, जिनांचं आधुनिकीकरण झालं, कापूस हवेच्या नळातून ओढला जाऊ लागला, आपोआप रेच्यात पडू लागला. कापूस स्वच्छ झाला, धूळ कमी झाली, हे चांगलंच. पण नवं यंत्र चालवायला, दुरुस्त करायला हाताने घालणाऱ्या बायांना कोणी शिकवलं? डाळ मिलमध्ये रंगावरून डाळ निवडणारं यंत्र आलं तेव्हाही हीच गोष्ट. निवडणं हे बाईचं काम होतं, निवडणारं यंत्र ‘ऑपरेटर’चं झालं.

बाईला यंत्र का देत नाहीत याची कारणं ठिय्यावर ठरलेली असतात. पदर अडकेल. बांगड्या अडकतील. बाईला करंट लागेल. बिघडवून ठेवेल. यातली पदराची गोष्ट खरी आहे. फिरत्या पंख्यात पदर, ओढणी, वेणी अडकली तर जिवावर बेतेल. पण त्याचं उत्तर आपल्याच शेतात आहे. कापूस वेचताना आपण लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो, डोकं बांधतो. तोच सदरा, पदर आत खोचून, इथे घाला. आणि सरकारी योजनेत बाईला काय मिळतं? शिलाई मशीन आणि पिठाची चक्की. शिलाई मशीनची सुई बोटातून आरपार जाते, चक्कीचा पट्टा पदर ओढतो, विजेशिवाय चक्की चालत नाही. तिथे कोणी म्हणत नाही की बाईला जमणार नाही. म्हणजे अडचण यंत्राची नाहीच. घरात बसून चालवायचं यंत्र बाईला चालतं, आणि ज्या यंत्राने मिस्त्रीचा दर मिळतो ते चालत नाही.

करंटची भीती मात्र पुरुषालाही हवी. ओल्या फरशीवर, पाण्याच्या बादल्यांमध्ये, तुटक्या वायरवर २३० व्होल्टचं यंत्र चालवणं हा जिवाशी खेळ आहे. ब्रिटनमध्ये बांधकामावरची हातयंत्रं ११० व्होल्टवर चालवण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे निदान गळती होताच वीज तोडणारा स्विच बोर्डावर असावा, वायर जमिनीवर लोळू नये, आणि शक्य तिथे बॅटरीवरचं यंत्र घ्यावं.

हातांबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण आपल्या आरोग्य शिबिरांत हे हात येतात आणि ‘खरूज’ म्हणून मलम घेऊन जातात. ओलं सिमेंट जबर क्षारयुक्त असतं, चुन्यासारखंच कातडी जाळतं. तासभर कळत नाही, संध्याकाळी आग होते, आठवड्याने भेगा पडतात. त्याशिवाय सिमेंटमध्ये क्रोमियम असतं. काहींच्या कातडीला त्याचं कायमचं वावडं जडतं, मग थोडा स्पर्श झाला तरी हात फुटतात. युरोपात २००५ पासून सिमेंटमधल्या या विरघळणाऱ्या क्रोमियमवर मर्यादा घातली आहे. आता इपॉक्सी ग्राउट आलं आहे. राळ, ते घट्ट करणारं रसायन आणि पूड असे तीन भाग एकत्र करायचे. डाग धरत नाही म्हणून स्वयंपाकघरात, न्हाणीघरात लोकांना ते हवं असतं. पण कच्च्या इपॉक्सीचंही असंच वावडं होतं. फाटका हातमोजा तर नसल्यापेक्षा वाईट, आत शिरलेला माल दिवसभर कातडीला चिकटून राहतो. धड हातमोजे, जेवणाआधी स्वच्छ पाण्याने हात धुणं (ग्राउटच्या बादलीतल्या पाण्याने नाही!), आणि गुडघ्यांना गाद्या. जुना सांधा खरवडताना किंवा टाइल कापताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. तिथे पाणी मारत काम करावं आणि तोंडाला पदर नव्हे, धुळीचा चांगला मास्क बांधावा. पिचकारीचा एक मोठा फायदा इथेच आहे. हात मालात बुडत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात सांगते. समान वेतनाचा कायदा १९७६ चा. १९८७ मध्ये दुरुस्ती होऊन बढती आणि प्रशिक्षण यांतही भेदभाव करू नये असं त्यात आलं. पुढे तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला, सारख्या कामाला सारखा मोबदला हे तत्त्व राहिलं. पण रेजा आणि मिस्त्री ही कामंच वेगळी दाखवली की कायदा दाराबाहेर उभा राहतो. बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा कायदा झाला, महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये आले, आपलं कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये उभं राहिलं. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर त्यासाठी घेतला जातो. हा पैसा आपलाही आहे. नोंदणीला आदल्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि जोडीने जाणाऱ्या बाईला तो मिळत नाही, कारण ठेकेदाराला ती फक्त ‘त्याची बायको’ म्हणून माहीत असते. तेव्हा दाखला दोघांचा वेगवेगळा घ्या. आणि अर्जात कामाचं स्वरूप लिहायची जागा असते, तिथे डोळे झाकून ‘बिगारी’ लिहू नका. फरशी-टाइलचं काम करते तर तेच लिहा.

इतर ठिकाणी बायांनी थापी धरली आहे. झारखंडमध्ये शौचालयं बांधताना बायांना गवंडीकाम शिकवलं, तिथे त्यांना ‘रानी मिस्त्री’ म्हणू लागले. अहमदाबादला महिला हाउसिंग ट्रस्टने ‘कार्मिका’ ही बांधकाम मजुरांची शाळा चालवली. नाव बदललं की भाव बदलतो, एवढं तरी त्यावरून दिसतं. मात्र प्रशिक्षणाचे दिवस बिनरोजीचे असतील तर बाई येणार नाही, आणि मग ‘बायांनाच शिकायचं नाही’ असा शेरा पडेल. शिकण्याच्या दिवसांचा रोज मिळालाच पाहिजे, ही मागणी मंडळाकडे आपण लेखी करू.

दुसरं, बोलणी करताना दर्जा भरण्याचा दर वेगळा काढून मागा. फुटाच्या एकूण दरातून नाही, चालत्या फुटाचा किंवा खोलीचा वेगळा. पहिल्यांदा मिस्त्री चिडतील. त्यातले बरेच आपले नवरे आणि दीर आहेत, घरातही चिडतील.

तिसरं, यंत्र घ्यायचं तर बचत गटाच्या नावाने. मिक्सर आणि पिचकारी एका बाईला परवडणार नाही आणि रोज लागणारही नाही. दहा-बाराजणींनी मिळून घ्यावं, भाड्याने एकमेकींना द्यावं, रोज धुऊन ठेवायची पाळी लावावी. नळीत ग्राउट वाळलं की पिचकारी गेलीच म्हणून समजा. पावती गटाच्या नावावर हवी, आणि यंत्र कोणाच्या घरी राहणार हे आधीच लिहून ठेवा. नाहीतर ‘जरा आजच्या दिवस देतो’ म्हणून एखादा भाऊ घेऊन जाईल आणि मग ते त्याचंच होईल.

पिचकारी इथे आणली आहे, एकेकीने हातात धरून पाहा, जड वाटते का सांगा, मूठ हाताला मोठी होते का तेही सांगा. धारणीकडच्या बायांना परतवाड्याची बस गाठायची आहे. आधी त्यांना बोलू द्या.