चार माणसांत खेळावयाचा खेळ कसा निवडावा

(महोत्सवी वर्षातील कुटुंबमेळाव्यात धर्मग्रामाच्या सभागृहात झालेले व्याख्यान)



महोत्सवाच्या निमित्ताने शेती, आरोग्य, शिक्षण अशा भारदस्त विषयांवरील व्याख्याने आपण ह्या सभागृहात ऐकलीत. आजचा आमचा विषय त्या मानाने हलका वाटण्याचा संभव आहे. आपल्या तरुण मंडळींनी सभागृहाच्या कपाटात ठेवण्यासाठी काही बैठे खेळ विकत घेण्याचे ठरविले. परंतु कोणते घ्यावेत ह्याविषयी त्यांच्यात एकमत होईना. कोणी म्हणाले, सर्वांत नामांकित तो घ्यावा. कोणी म्हणाले, पेटी मोठी तो घ्यावा. आणि वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांचे म्हणणे असे पडले की, कॅरम आणि पत्त्यांचा जोड असताना हा खर्च हवा कशाला? शेवटी प्रश्न आमच्याकडे आला. आम्ही ह्या नव्या खेळांची माहिती मिळविली, त्यांतील कित्येक खेळून पाहिले, आणि त्यातून जे हाती लागले ते आपणापुढे ठेवीत आहोत.

धर्मगुरूने खेळांविषयी बोलावे काय, अशी शंका कोणाच्या मनात आल्यास तिचे उत्तर तेराव्या शतकातच संत थॉमस आक्वायनस ह्यांनी देऊन ठेविले आहे. आपल्या महान ग्रंथात ते प्रतिपादन करितात की, शरीराला जशी विश्रांती हवी तशी मनालाही हवी, आणि ती त्याला खेळाने व विनोदाने मिळते. अतिरेकाला ते दोष देतात हे खरे. तथापि जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यातही विरजण घालितो, त्यालाही ते दोषीच ठरवितात. ह्याहून अधिक परवानगीची आम्हास आवश्यकता वाटत नाही.

आता ह्या प्रश्नाचे महत्त्व कशात आहे ते पाहू. रात्रीची जेवणे आटोपल्यावर आपल्या घरांत काय चालते? पाच माणसे असतील तर पाच मोबाईल उघडले जातात. जहाजावर किंवा आखाती देशांत नोकरीस असलेला मुलगा दोन महिन्यांच्या रजेवर घरी येतो. पहिले आठ दिवस बोलण्यात जातात, पुढे बापलेकांना विषय सापडत नाही. आजीला नातवाचा अभ्यास कळत नाही आणि नातवाला आजीची वाडी कळत नाही. अशा दोघांना समोरासमोर बसविण्याचे सामर्थ्य एका पटात किंवा मूठभर पत्त्यांत असते, कारण तेथे विषय शोधावा लागत नाही. डावच बोलावयास लावितो. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. सारीपाट काय, सावंतवाडीचे गोल गंजिफे काय, किंवा पावसाळ्यात ओटीवर रंगणारा मेंढीकोट काय, ह्या सर्वांनी पिढ्यांना जवळ आणिले. तेव्हा खेळ निवडताना आपण कोणकोणती माणसे एकत्र बसणार हे ठरवीत असतो. चुकीचा खेळ आणिला तर कोणीतरी उठून जाते, आणि एकदा उठून गेलेले माणूस पुन्हा सहसा बसत नाही.

ह्याचे उदाहरण घरोघर आहे. आपण ज्याला ‘व्यापार’ म्हणतो त्या खेळाचे मूळ अमेरिकेत आहे. एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईंनी 1904 साली त्याच्या पूर्वजाचे पेटंट घेतले. जमिनी मूठभरांच्या हाती गेल्या म्हणजे इतरांची कशी दैना होते हे लोकांना दाखवावे, हा त्यांचा हेतू होता. पुढे 1935 साली एका मोठ्या कंपनीने त्याच कल्पनेवरील खेळ ‘मोनोपॉली’ ह्या नावाने बाजारात आणिला, आणि इशारा देण्यासाठी निघालेला खेळ शेजाऱ्यास भिकेस लावण्याची मौज म्हणून जगभर पसरला. त्यात ज्याचे दिवाळे निघते तो बाद होतो. बहुधा तो घरातला सर्वांत लहान असतो. पुढचा तासभर मोठी भावंडे हजारोंचे व्यवहार करितात, आणि हा भिंतीला टेकून बघत बसतो. खेळ घरात आला खरा, परंतु मूल खेळाबाहेर गेले.

नव्या खेळांच्या कर्त्यांनी नेमका हाच दोष ओळखिला. ह्या चळवळीचे माहेर जर्मनी होय. तेथे 1979 पासून ‘श्पील देस यारेस’, म्हणजे ‘वर्षाचा खेळ’, हा बहुमान दिला जातो. पेटीवर लाल सोंगटीचे चिन्ह दिसल्यास तो खेळ कुटुंबासाठी निवडलेला समजावा. निळ्या सोंगटीचा बहुमान लहान मुलांच्या खेळांस असतो, आणि काळसर सोंगटीचा मुरलेल्या गड्यांसाठी. दुकानात गोंधळून गेलेल्या माणसास एवढी खूण पुष्कळ उपयोगी पडते.

1995 साली हा बहुमान क्लाउस टॉयबर ह्यांच्या ‘कटान’ ह्या खेळास मिळाला. टॉयबर ह्यांचा मूळ व्यवसाय कृत्रिम दात तयार करण्याचा. ते 2023 साली निवर्तले. त्यांच्या खेळात षट्कोनी तुकड्यांचे एक बेट मांडितात, आणि लाकूड, विटा, लोकर, धान्य व खनिज मिळवून त्यावर रस्ते व वसाहती उभारितात. फासे दुसऱ्याने टाकिले तरी पीक आपल्याही पदरात पडू शकते. सबब कोणी रिकामे बसत नाही. जवळ नाही ते दुसऱ्याकडून मागून घ्यावे लागते; सबब कोणी मुके राहत नाही. आणि दहा गुण कोणी पुरे करीपर्यंत कोणी बाद होत नाही. तथापि पहिली वसाहत चुकीच्या जागी पडली तर पुढचा तासभर मनस्ताप होतो, आणि मूळ पेटीत तिघे किंवा चौघेच बसू शकतात. म्हणून हा खेळ तरुणांस उत्तम. आजीसाठी तो प्रथम काढू नये.

येणेप्रमाणे आम्ही पहिल्या नियमापाशी येऊन पोहोचलो. पेटी पाहण्यापूर्वी माणसे पाहावीत. किती जण आहेत, त्यांत सर्वांत लहान कोण, सर्वांत वृद्ध कोण, इंग्रजी वाचता न येणारे कोण, रंगांतील भेद न ओळखणारे कोण, आणि किती वेळाने कोणाचा डोळा लागणार, हे आधी मोजावे. पाच जणांच्या घरात चौघांचा खेळ आणिला तर प्रत्येक डावाला एक माणूस उपरा ठरतो, आणि तो बहुधा आपणहून म्हणतो, “तुम्ही खेळा, मी बघतो.” हे वाक्य विनयाचे वाटते, पण ज्या घरात एकच माणूस ते रोज म्हणते, तेथे खेळाची निवड चुकली असे खुशाल समजावे.

दुसरा नियम भाषेचा. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांना इंग्रजी मजकुराची पाने वाचता येत नाहीत, आणि दर डावाला नातवाकडून अर्थ विचारणे त्यांना कमीपणाचे वाटते. अशांसाठी चित्रांचे खेळ निवडावेत. त्यांत 2010 साली बहुमान मिळविलेला ‘दीक्सित’ आम्हास विशेष प्रिय आहे. नाव ऐकून कोणास दीक्षित आडनावाच्या गृहस्थांची आठवण होईल. परंतु शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ ‘तो बोलला’ असा आहे. ह्याचे कर्ते झाँ-लुई रुबिरा हे मुलांच्या मनोविकारांचे डॉक्टर. ह्याच्या पत्त्यांवर एकही अक्षर नाही, केवळ स्वप्नवत् चित्रे आहेत. एकाने आपल्या पत्त्याला साजेसे एखादे वाक्य, म्हण किंवा शब्द बोलावयाचा. इतरांनी आपापल्या हातातील त्याला जुळणारे चित्र गुपचूप त्यात मिसळावयाचे, आणि मग मूळ चित्र कोणते ते ओळखावयाचे. मौज अशी की, सर्वांनी ओळखिले तरी बोलणाऱ्यास गुण नाही, आणि कोणीच न ओळखिले तरीही नाही. तेव्हा फार उघड बोलून चालत नाही, फार गूढ बोलूनही चालत नाही. ऐकणाऱ्याचे मन जाणून बोलावे लागते. हे काम मराठीत होते, आपल्या घरच्या बोलीतही होते, आणि म्हणींचा साठा ज्याच्यापाशी अधिक त्याचे पारडे जड राहते. आता सांगा, येथे आजी मागे पडेल की नातू?

तिसरा नियम दैव आणि बुद्धी ह्यांच्या प्रमाणाचा. बुद्धिबळात दहा वर्षांचा मुलगा जाणत्या बापाला जिंकू शकत नाही. सापशिडीत दोघेही सारखेच, कारण तेथे बुद्धीला कामच नाही. पहिल्या प्रकारात बाप मुद्दाम हरतो, आणि मूल ते तात्काळ ओळखते. त्यापेक्षा ज्यात थोडे दैव आणि थोडी बुद्धी आहे असा खेळ घ्यावा, म्हणजे बापाला मन लावून खेळता येईल आणि मुलालाही खरोखर जिंकता येईल. क्लाउस-युर्गन व्रेडे ह्यांचा 2000 सालचा ‘कार्कासोन’ असा आहे. फ्रान्समधील एका तटबंदीच्या नगराचे हे नाव. बहात्तर चौकोनी तुकड्यांपैकी एक उचलावा, आधीच्या तुकड्यांस जुळेल असा लावावा, आणि वाटल्यास त्यावर आपला लाकडी माणूस उभा करावा, एवढेच काम. दोघांपासून पाचांपर्यंत कितीही बसावेत. प्रत्येक तुकडा सर्वांसमोर उघडा असल्याने “येथे लाव, तेथे लाव” असे सल्ले चहूकडून येतात. शेतांचे गुण मोजणे जरा किचकट आहे, ते पहिल्या डावात वगळावे.

चौथा नियम स्पर्धेविषयी. काही घरांत आधीच पुरेशी भांडणे आहेत. तेथे एकमेकांना हरविण्याचा खेळ म्हणजे आगीत तेल. अशांसाठी सर्वांनी मिळून जिंकावयाचे किंवा मिळून हरावयाचे खेळ निघाले आहेत. मॅट लीकॉक ह्यांचा 2008 सालचा ‘पॅन्डेमिक’ हा त्यांत प्रसिद्ध. जगभर पसरणाऱ्या चार रोगांशी सर्व गडी मिळून झगडतात. 2020 च्या महामारीनंतर त्याचा विषय निराळ्या रीतीने मनाला भिडतो. परंतु ह्या प्रकारात एक खोड आहे. सर्व काही उघड असल्याने घरातला एक शहाणा बाकीच्यांस हुकूम सोडू लागतो. नावाला चौघे खेळतात, प्रत्यक्षात एकच. आपल्या मंडळांच्या सभांतही हा अनुभव अगदीच नवा नाही!

ह्यावरही उपाय निघाला आहे, आणि मेंढीकोट खेळलेल्यांस तो फार आवडेल. टोमास झिंग ह्यांच्या 2019 सालच्या ‘द क्रू’ ह्या खेळात चाळीस पत्ते आहेत. चार रंग आणि हुकुमाची चार पाने. हात करावयाचे ते मेंढीकोटासारखेच. परंतु ठरलेले पान ठरलेल्या गड्याच्याच हातात पडावे ह्यासाठी सर्वांनी झटावयाचे असते. हातातली पाने सांगावयाची नाहीत. एका डावात फार तर एकच पान उघड करून खूण करिता येते. त्यामुळे कोणी कोणाला हुकूम करू शकत नाही. भिडूच्या मनात काय आहे हे त्याने टाकलेल्या पानावरून ओळखावे लागते, आणि दुसऱ्याच्या यशासाठी आपला एक्का जपावा किंवा सोडावा लागतो. ह्यास 2020 साली मुरलेल्या गड्यांसाठीचा बहुमान मिळाला. परंतु आपल्याकडील साठीच्या माणसांना तो अर्धा आधीच येतो.

खर्चाविषयीही एक शब्द. हे खेळ स्वस्त नाहीत हे आम्ही जाणतो. सबब दोन-तीन घरांनी मिळून एक घ्यावा, आणि काही तर घरीच करावेत. ‘कोडनेम्स’ नावाच्या खेळात पंचवीस शब्द मांडून, एका शब्दाच्या सूचनेवरून आपल्या भिडूंकडून त्यांतले अनेक ओळखून घ्यावयाचे असतात. बाजारातील पेटीत शब्द इंग्रजी असतात. आपण कागदाच्या चिठ्ठ्यांवर मराठी लिहावेत. होडी, बावखल, घंटा, केळ, लगीन, विहीर असे शब्द मुलांकडून लिहवून घ्या. खेळाआधीच निम्मी गंमत होईल. आणि ज्या खेळाला रंग येण्यासाठी पैसे लावावे लागतात, तो खेळ म्हणून फसलेला आहे असे समजून त्याला कपाटात जागा देऊ नये.

शेवटी एक सूचना. चांगला खेळही वाईट रीतीने शिकविल्यास मातीस मिळतो. नियमांचे पुस्तक सर्वांसमोर प्रथमच उघडू नये. एकाने आदल्या दिवशी ते वाचून ठेवावे. आधी जिंकतात कसे ते सांगावे, मग आपली पाळी आल्यावर काय करावयाचे ते; बारीकसारीक गोष्टी खेळता खेळता निघतील. पहिला डाव पत्ते उघडे ठेवून खेळावा आणि त्याचा हिशेब धरू नये. रडीचा डाव खडी ही म्हण मुलांना ऐकवावी. पण नवख्याने मागितलेली एक चाल परत द्यावी.

तेव्हा तरुण मित्रहो, आमचा निर्णय असा. कपाटात प्रथम ‘कार्कासोन’, ‘दीक्सित’ आणि ‘द क्रू’ ठेवा. चौथी पेटी मराठी चिठ्ठ्यांची, ती तुम्हीच करा. ‘कटान’ त्यानंतर घ्या, तुमचा हक्क आम्ही नाकारीत नाही. मात्र पेटी उघडण्यापूर्वी सभागृहात एकवार नजर फिरवावी, आणि जे माणूस भिंतीशी बसून “तुम्ही खेळा, मी बघतो” असे म्हणत असेल, त्याला विचारून त्या दिवशीचा खेळ निवडावा. एवढे झाले तर आपल्या पैशांचे सार्थक झाले असे आम्ही मानू.