स्टंपवरचा रुपया

श्रोतेहो, आज पूर्वरंगाला विषय घेतला आहे अभ्यासाचा. अभ्यास म्हटलं की आपल्याला शाळेचं दप्तर आठवतं. पण शास्त्रात अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, पुष्कळ काळ, मन लावून करणं. प्रपंच घ्या की परमार्थ, आपलं घोडं अडतं ते इथंच. पहिल्या दिवशी उत्साह, दहाव्या दिवशी जांभई! मग ती जपाची माळ असो नाहीतर रोजच्या पोळ्या असोत. "बुवा, तेच तेच किती करायचं?" असं मला कितीतरी जण विचारतात.

दृष्टांत लांबचा नको, इथल्याच शिवाजी पार्कातला घेऊ. या मैदानावर रमाकांत आचरेकर सर मुलांना क्रिकेट शिकवत. जन्म १९३२चा, मूळ मालवणकडचे. स्वतः प्रथम श्रेणीचा सामना खेळले किती? फक्त एक! पण त्यांच्या हाताखालून चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, अजित आगरकर, विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर घडले.

सचिनने आपल्या आत्मचरित्रात त्या उन्हाळी सुट्ट्यांचं वर्णन केलंय. सकाळी साडेसातला नेट. मग सामना. संध्याकाळी परत नेट. एक सामना आटोपला की सर स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. पोरगं किती दमत असेल, कल्पना करा. आणि अशा दमलेल्या पोराची शेवटची पंधरा मिनिटं उरली, की सर खिशातून एक रुपयाचं नाणं काढून स्टंपवर ठेवायचे. मैदानभर पोरं क्षेत्ररक्षणाला. जो बाद करील त्याचा रुपया, आणि शेवटपर्यंत बाद झाला नाही तर रुपया सचिनचा. त्यानंतरही सुटका नाही हं! पॅड, ग्लोव्ह्ज अंगावर ठेवून पार्काला दोन फेऱ्या. अशी तेरा नाणी सचिनने मिळवली, आणि ती त्याला मोठमोठ्या बक्षिसांइतकी मोलाची वाटतात.

आता गंमत बघा. रुपया सकाळी का नाही ठेवला? सकाळी अंगात जोर असतो, तेव्हा खेळायला कुणीही तयार. सरांनी आनंद नेमका थकव्याच्या जागी ठेवला. हे ज्ञान वारकऱ्याला आधीपासून आहे. चालून चालून पाय भरून येतात, टाचा फुटतात, आणि त्याच पायांनी रिंगणात धावायचं, फुगड्या घालायच्या, उड्या मारायच्या! दमलेला माणूस नाचतो, आणि नाचला की पुढचा टप्पा चालतो. तुम्ही वारी केली असेल तर मला सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, बुवा, रुपया एकाचा झाला; उन्हात उभ्या राहिलेल्या बाकीच्या पोरांचं काय? खरा प्रश्न हाच आहे. त्यातली बहुतेक पुढे नोकरीधंद्याला लागली असतील, पेपरात त्यांचं नाव आलं नसेल. त्यांची ती वर्षं फुकट गेली का? मी उलट विचारतो, पंढरीला लाखो जातात, त्यातल्या कितींच्या नावावर अभंग आहेत? म्हणून काय त्यांचं चालणं वाया गेलं? चेंडू हातात बसल्यावर जो चटका लागतो आणि जो आनंद होतो, तो त्या पोराला त्याच क्षणी मिळाला. त्यासाठी वानखेडेपर्यंत जायची गरज नव्हती.

आणखी एक. १६ नोव्हेंबर २०१३ला वानखेडेवर निरोप घेताना सचिनने सगळ्यांसमोर सांगितलं, की एकोणतीस वर्षांत सर मला कधी चांगलं खेळलास म्हणाले नाहीत. डोक्यात हवा जाईल म्हणून! पुरुष मंडळी लगेच खूश होतील, आम्हीही घरी भाजीला कधी चांगली म्हणत नाही. अहो, थांबा. गुरूचं मौन वेगळं आणि नवऱ्याचं मौन वेगळं! सर दिवसभर उन्हात त्या पोरासाठी उभे असायचे, स्कूटरवरून फिरवायचे. तुम्ही निदान ताट तरी उचलता का? एवढं सोसणाऱ्यानं गप्प बसावं. बाकीच्यांनी भाजी चांगली झाली असेल तर तसं सांगावं. मात्र माउलींनो, कुणी म्हणालंच नाही, तरी फोडणीतली मोहरी तडतडते ना, तो आवाज तुमचाच. तो कुणाच्या शाबासकीसाठी थांबत नाही.

सर २ जानेवारी २०१९ला गेले. ३ डिसेंबर २०२४ला पार्कात गेट क्रमांक पाचजवळ त्यांच्या स्मारकाचं अनावरण झालं. तिथून जाल तेव्हा क्षणभर थांबा, मग आत मैदानावर नजर टाका. कुठल्यातरी नेटमध्ये एखादा पोरगा तोच फटका पुन्हा घोटत असेल.

उत्तररंगात आपल्याला अरणगावच्या सावता महाराजांच्या मळ्यात जायचं आहे. त्यांचा अभ्यास खुरप्याचा. पण त्याआधी टाळकरी थकलेले दिसतायत, म्हणजे गजराची वेळ हीच. उठा, हात वर करा, आणि म्हणा माझ्याबरोबर... विठ्ठल, विठ्ठल!