वऱ्हाड गेल्यानंतरचा खर्च

ऑलिंपिक किंवा राष्ट्रकुल स्पर्धा भरवणाऱ्या शहराला दोन खर्च येतात. एक स्पर्धेच्या दिवसांचा, दुसरा स्पर्धेनंतरचा. गाजावाजा पहिल्याचा होतो. शहराला वाकवतो तो दुसरा.

मॉन्ट्रियलने १९७६ चे ऑलिंपिक घेतले. पुरुषाला मूल होत नाही तशी ऑलिंपिकमध्ये तूट येत नाही, अशी ग्वाही महापौर झाँ द्रापो यांनी दिली होती. संप, महागाई आणि अवघड आराखडा यांमुळे खर्च कित्येक पटींनी फुगला. स्टेडियमचा मनोरा पुरा व्हायला १९८७ उजाडले. कर्जफेडीसाठी तंबाखूवर खास कर बसला आणि कर्ज २००६ मध्ये फिटले. ऑलिंपिकच्या वर्षी जन्मलेली मुले तोवर तिशीला आली होती.

खर्च मात्र फिटला नाही. १९९९ च्या जानेवारीत बर्फाच्या भाराने स्टेडियमचे छत फाटले आणि खाली मोटारींच्या प्रदर्शनाची मांडामांड करणाऱ्या कामगारांवर बर्फ कोसळला. पुढे तीन सेंटिमीटरहून जास्त बर्फाचा अंदाज असला की आत कार्यक्रम घेणेच बंद झाले. २०२४ मध्ये नव्या छताच्या कामासाठी ८७ कोटी कॅनेडियन डॉलर जाहीर झाले.

लग्नघरी मांडव आणि भांडी भाड्याने आणतात, कार्य उरकले की मोजून परत करतात. एका लग्नासाठी कोणी मंगल कार्यालय बांधत नाही. बांधलेच, तर वऱ्हाड गेल्यावरही पहारेकरी, वीजबिल आणि गळती यजमानाच्याच गळ्यात. घरात कळते ते महापालिकेत का कळू नये?

लॉस एंजेलिसने १९८४ मध्ये कार्य बरेचसे घरच्या भांड्यांत उरकले. १९३२ च्या ऑलिंपिकचेच कोलिझियम पुन्हा वापरले आणि सुमारे २३ कोटी डॉलर शिल्लक टाकले. (दुसरे शहर रिंगणात उरले नव्हते, म्हणून अटी घालता आल्या, हेही खरे.) पुण्यात १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे संकुल २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांना कामी आले.

खर्चाचा मुद्दा अलीकडे राष्ट्रकुल स्पर्धांतही आला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धा वाढत्या खर्चापायी २०२३ मध्येच सोडल्या. त्या घेताना ग्लासगोने दहाच खेळ आणि असलेलीच चार ठिकाणे ठरवली.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादकडे आहे. तेथील अंदाजपत्रकात २०३१ पासूनच्या देखभालीचा रकाना आहे का, हे करदात्यांनी आताच विचारावे.