नागीण: पहिले तीन दिवस
(मंडळीच्या वार्षिक आरोग्य सभेत केलेले भाषण)



आज मी माझ्या एका चुकीपासून सुरुवात करते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात जव्हारजवळच्या एका पाड्यावर एक आजी म्हणाल्या, "बाई, कपाळाची उजवी बाजू आगीसारखी जळते." अंगावर काही दिसत नव्हते. मी पॅरासिटामॉल दिली आणि पुढच्या घरी गेले. दोन दिवसांनी कपाळावर पाण्याचे फोड आले. घरच्यांनी भगताला बोलावले, त्याने गेरू लावला. मी परत गेले ती नवव्या दिवशी. तोवर डोळा लाल होऊन सुजला होता. आज त्या डोळ्याने आजींना अंधुक दिसते. डोक्यावर पदर घेतला तरी कळ येते.

ती नागीण होती. लहानपणी कांजिण्या झाल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो. वय पन्नाशीपुढे गेले, मधुमेह, एचआयव्ही किंवा कर्करोग असला, स्टिरॉइडची औषधे चालू असली, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाली, की तो जागा होतो आणि एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. म्हणून आधी जळजळ, मग एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड.

नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस मरतो, ही भीती पाड्यावर आहे. खरे सांगायचे तर आपल्या मंडळीतही आहे. पण तो मज्जातंतू पाठीच्या कण्यातून निघून शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतो. त्यामुळे फोड सहसा अर्ध्या अंगावरच थांबतात. भीती धरायची ती उशीर होण्याची. असायक्लोव्हिरसारखे औषध फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाले तर सर्वांत चांगले. डॉक्टर बहुधा सात दिवस देतात, रोज पाच वेळा. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. फोड कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तीन दिवस उलटले असले तरी जा. फोड सुकल्यावरही काहींना महिनोन्‌महिने कळा राहतात. त्यासाठी वेगळी औषधे आहेत, तेव्हा सोसत बसू नका.

फोड स्वच्छ, कोरडे ठेवा, सैल सुती कापडाने झाका. गेरू, शेण, राख लावू नका, जखम चिघळते. खपली धरेपर्यंत गरोदर बाई आणि तान्हे बाळ दूर ठेवा. फोडातल्या पाण्याने, ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांना कांजिण्या होऊ शकतात.

पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोसांची लस 2023 पासून आपल्या देशात मिळते. तुमच्या आईवडिलांसाठी डॉक्टरांना जरूर विचारा. पाड्यांसाठी ती विकत घेऊन देऊ का, असे काहींनी मला विचारले. मन भरून आले, पण ती फार महाग आहे. तेवढ्या पैशांत आपली जीप कितीतरी रुग्णांना पहिल्या तीन दिवसांत दवाखान्यात पोहोचवील. मी तर जीपच्या डिझेललाच मत देईन.

आणि भगतबाबांशी भांडून काही साधले नाही. शेवटी त्यांच्या ओट्यावर बसून चहा घेतला, आजींच्या डोळ्याविषयी बोलले. माझी चूकही सांगितली. आता ते हवा तर मंत्र म्हणतात, पण गेरू न लावता त्याच दिवशी आशाताईला निरोप देतात. गेल्या महिन्यात त्यांनी तिघांना पाठवले. त्यातल्या एकाला नागीण नव्हतीच, खरूज होती. त्यालाही मलम देऊन आणले.